कालियाचं काय झालं?

दोन सीन, अडीच हजार रुपये आणि शेवटी एक गोळी. 'शोले'मधल्या कालियाचा हिशेब खरं तर एवढ्यातच संपायला हवा होता. पण विजू खोटे त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. हिरो न होता, पोस्टरवर न येता. छोट्या रोलचं मोठं करिअर कसं असतं, त्याची ही गोष्ट.

भांडुप स्टेशन. सोमवार. सकाळचे सव्वाआठ. स्लो लोकलच्या डब्यात आमचा एक ग्रुप आहे. कुणी बँकेत, कुणी बीपीओत, कुणी इन्शुरन्समध्ये. त्यातल्या इन्शुरन्सवाल्याचा सोमवार म्हणजे रिव्ह्यू मीटिंगचा दिवस. आठवड्याचं टार्गेट हुकलेलं असतं, बॉससमोर जाऊन उभं राहायचं असतं, आणि घाटकोपर यायच्या आतच त्याचा चेहरा पडलेला असतो. मग दाराशी लटकलेला कुणीतरी भरड्या आवाजात विचारतो, "कितने क्लायंट थे?" डबा हसतो. तोही हसतो. कारण पुढचा डायलॉग सगळ्यांना पाठ आहे आणि त्या डायलॉगमध्ये आज त्याचं नाव कालिया आहे, हेही त्याला माहीत आहे.

तो सव्वीस वर्षांचा आहे. 'शोले' आला तेव्हा त्याचे वडीलसुद्धा शाळेत होते. एकदा त्याला विचारलं, "कालियाचं काम कुणी केलंय, माहितीये?" त्याने डोकं खाजवलं. "नाव नाही आठवत यार. पण तो चेहरा... तो 'अंदाज अपना अपना'मधला रॉबर्टच ना?"

बरोबर. तोच. नाव माहीत नाही, पण चेहरा दोन जन्मांचा लक्षात आहे. विजू खोटे यांच्या अख्ख्या करिअरची बातमी या एका उत्तरात आहे.

रामगढची 'करी वेस्टर्न'

वेस्टर्न सिनेमा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. घोडे, धूळ, बंदुका, एक घाबरलेलं गाव आणि बाहेरून आलेले एक-दोन बेदरकार गडी. हॉलिवूडने हा मसाला वर्षानुवर्षं वापरला. मग साठच्या दशकात इटलीच्या सर्जिओ लिओनेने त्याला नवा तडका दिला. शूटिंग बरंचसं स्पेनमध्ये आणि सिनेमे इटालियन, म्हणून जगाने त्यांना 'स्पॅगेटी वेस्टर्न' म्हटलं. आपल्याकडे सलीम-जावेद आणि रमेश सिप्पी यांनी तो घाट उचलून बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत नेला, त्यात ठाकूर, बसंती, होळी आणि विधवेचा दिवा घातला, आणि तयार झाली 'करी वेस्टर्न'. ऑक्टोबर १९७३ मध्ये शूटिंग सुरू झालं आणि १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' रिलीज झाला.

या प्रकारच्या सिनेमात हिरोइतकंच महत्त्व असतं चेहऱ्यांना. लिओनेचा १९६८ चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' आठवा. सुरुवातीला तीन बंदूकधारी एका ओसाड स्टेशनवर ट्रेनची वाट बघत बसतात. त्यातल्या एकाच्या तोंडावर एक माशी फिरत राहते. कितीतरी वेळ काहीच घडत नाही, तरी आपण खिळून बसतो. ट्रेन येते आणि काही मिनिटांत तिघंही मरतात. सिनेमा पुढे जातो, पण तो माशीवाला माणूस डोक्यातून जात नाही. त्याचं नाव जॅक एलम. हा गृहस्थ सिनेमात यायच्या आधी चक्क हिशेब तपासायचं काम करायचा. लहानपणी पेन्सिल लागून त्याचा एक डोळा अधू झाला होता. तोच तिरका डोळा पुढे त्याचं भांडवल झाला, आणि वेस्टर्नमधला गुंड म्हटलं की तो, असं समीकरण बनलं.

आता 'शोले' आठवा. इथेही तिघं आहेत. इथेही तिघं मरतात. आणि इथेही एकाचाच चेहरा लक्षात राहतो.

दोन सीनमधला मॅनेजर

कालियाचे सीन मोजून दोन. पण ते एकामागोमाग एक बघा, मग त्यातली गंमत कळते.

पहिल्या सीनमध्ये कालिया आणि त्याचे दोन साथीदार घोड्यावरून रामगढमध्ये येतात. वसुली करायला. गावकरी धान्याची पोती आणून ठेवतात. कालिया घोड्यावरूनच बोलतो. आवाजात मग्रुरी, चेहऱ्यावर तुच्छता. गरीब शेतकऱ्याशी तो ज्या थाटात बोलतो त्यावरून वाटावं, गब्बर म्हणजे हाच. मग ठाकूर समोर येतो, उंचावर जय आणि वीरू बंदुका घेऊन दिसतात, आणि कालियाला रिकाम्या हाताने परत फिरावं लागतं.

दुसऱ्या सीनमध्ये हाच माणूस गब्बरच्या अड्ड्यावर मान खाली घालून उभा आहे. मघाचा घोडा नाही, मघाचा आवाज नाही. गब्बर विचारतो, किती माणसं होती. उत्तर सगळ्यांना माहीत आहे. ते दोन, तुम्ही तीन, तरी परत आलात?

हा माणूस आपल्याला ओळखीचा वाटतो ना? खालच्यांवर डाफरणारा आणि वरच्यासमोर तोंडातून शब्द न फुटणारा. कुठल्याही ऑफिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर तो बसलेला असतो. कधीकधी, खरं सांगायचं तर, आपल्याच खुर्चीत बसलेला असतो. सलीम-जावेदने डाकू लिहिला, पण विजू खोटे यांनी त्यात मधला मॅनेजर उभा केला.

आणि आता यातली खरी कारागिरी बघा. 'शोले' आला तेव्हा अमजद खानला प्रेक्षक ओळखत नव्हते. धर्मेंद्र, अमिताभ, संजीव कुमार, हेमा मालिनी या नावांपुढे हा नवखा. गब्बरची ही पहिलीच एन्ट्री. आधी खडकावर चालणारे बूट दिसतात, दगडावर घासत जाणारा पट्टा ऐकू येतो, चेहरा नंतर. पण नुसत्या बूट-पट्ट्याने माणूस भयंकर होत नाही. तो भयंकर आहे हे आपल्याला सांगणार कोण? तर त्याच्यासमोर उभा असलेला. गब्बरची भीती जन्माला येते ती कालियाच्या चेहऱ्यावर. त्याच्या घशातली आवंढ्याची हालचाल, त्याची उडालेली नजर, कपाळाला पिस्तूल लागल्यावर मिटलेले डोळे. तिथे तो एक टक्का जरी खोटा वाटला असता, तरी गब्बर नुसता दाढीवाला ओरडणारा माणूस ठरला असता.

गब्बर सहा गोळ्यांतल्या तीन हवेत उडवतो, चक्री फिरवतो आणि तिघांच्या डोक्याला पिस्तूल लावतो. चाप ओढला जातो, गोळी सुटत नाही. तीनदा. कालिया तिसरा. वाचलो, या आनंदात आधी गब्बर हसतो, मग टोळी हसते, मग हे तिघंही बिचकत बिचकत हसायला लागतात. बॉसच्या जोकवर हसतो तसे. आणि मग तीन गोळ्या.

कालिया अजरामर का झाला याचं एक साधं कारणही आहे. गब्बर त्याला नावाने हाक मारतो. बाकीच्या दोघांना नावच नाही. मीठ खाल्ल्याची याद देणारा कालिया आणि त्याला गोळी खायला सांगणारा गब्बर, ही जोडी एकमेकांशिवाय पूर्णच होत नाही. पुढे 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड निघाली आणि ती तुफान खपली. लोकांनी सिनेमा डोळ्यांनी पाहिला त्याहून जास्त वेळा कानांनी ऐकला. आमच्या भांडुपच्या चाळीत गणपतीच्या मांडवात आरतीच्या आधी 'शोले'चे डायलॉग लागायचे, असं वडील सांगतात. लाउडस्पीकरवर दिवसातून चारदा कालिया मरायचा.

खोट्यांच्या घरातला विजू

विजू खोटे यांचा जन्म १७ डिसेंबर १९४१ चा. घर असं की अभिनय बाहेर जाऊन शिकायची गरजच नव्हती. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे नावाजलेले नट. मूकपटांतही त्यांनी कामं केली होती. काकू कोण, तर दुर्गा खोटे. चांगल्या घरातल्या मुलींनी सिनेमात जाणं ही बदनामी समजली जायची त्या काळात १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झालेल्या, पुढे 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई साकारणाऱ्या आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणाऱ्या. आणि थोरली बहीण शुभा खोटे. सायकल आणि पोहण्यातली चॅम्पियन, १९५५ च्या 'सीमा'मधून हिंदीत आलेली आणि मग मेहमूद-धुमाळबरोबर विनोदाची हुकमी जोडी जमवणारी.

आता कल्पना करा. घरात एक दंतकथा, एक स्टार आणि एक नट. तिथे धाकट्या मुलाने या धंद्यात यायचं म्हणजे तुलना ठरलेली. आडनावाने दार उघडतं हे खरं, पण आडनाव उंची देत नाही. विजू खोटे १९६४ पासून मराठी-हिंदी सिनेमांत दिसू लागले. चेहरा देखणा म्हणावा असा नाही, पण ठसठशीत. अंगकाठी दणकट. डोळ्यांत एक मिस्कील झाक. हिरोला लागतं त्यातलं फारसं काही नाही, पण इन्स्पेक्टर, हवालदार, गुंड, नोकर, शेजारी, सावकार यांना लागतं ते सगळं. त्यांनी तेच केलं.

यात कमीपणा आहे का? आपल्या पिढीला हा प्रश्न नीट विचारता येत नाही, कारण आपल्याला लहानपणापासून एकच सांगितलंय. हिरो व्हा. नंबर वन व्हा. सीव्हीमध्ये 'लीड' हा शब्द आला पाहिजे. पण एका सिनेमात हिरो असतात एक किंवा दोन, आणि गावाला गाव वाटायला लागतात पन्नास माणसं. 'शोले'मध्येच बघा. रामगढ उभारलं ते राम येडेकर नावाच्या मराठी कलादिग्दर्शकाने. त्या वर्षी 'शोले'ला फिल्मफेअर मिळालं ते एकच, आणि तेही संकलनासाठी, एम. एस. शिंदे यांना. इमामसाहेबांचा मुलगा अहमद झाला होता सचिन पिळगावकर. ही सगळी माणसं वजा करा आणि उरलेला 'शोले' डोळ्यांसमोर आणून पाहा.

अडीच हजारांचा प्रश्न

आता पैशांचं बोलू. कालियाच्या कामाचे विजू खोटे यांना मिळाले अडीच हजार रुपये. हा आकडा त्यांनीच मुलाखतींमधून सांगितलेला.

एकरकमी. तेव्हा रॉयल्टीचा विषय नव्हता. सिनेमा मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून जास्त चालला, शंभरहून अधिक थिएटर्समध्ये त्याने पंचवीस आठवडे केले, रेकॉर्ड विकली गेली, मग व्हिडिओ कॅसेट, मग केबल, मग सीडी, मग २०१४ मध्ये थ्रीडी. टीशर्टवर डायलॉग आले, मगवर आले. त्या प्रत्येक वेळी कालिया मरत राहिला आणि त्याचा हिशेब मात्र अडीच हजारांवर थांबलेला.

यावर दोन प्रकारे विचार करता येतो. एक, हा अन्याय आहे. आणि तो आहेच. ज्या चेहऱ्याने एवढं विकलं त्याला त्यातला वाटा नाही, हे गोड भाषेत सांगायचं कारण नाही. हिंदी सिनेमाने आपल्या छोट्या कलाकारांना कायम रोजंदारीवर ठेवलं. दोन, त्या अडीच हजारांत विजू खोटे यांनी दिलं ते अडीच हजारांचं काम नव्हतं. 'एवढ्याच पैशांत एवढंच' हा हिशेब त्यांनी कॅमेऱ्यासमोर केला नाही.

तुम्ही म्हणाल, हे तर बॉस लोकांच्या आवडीचं तत्त्वज्ञान झालं. कमी पैशांत जास्त काम! थांबा. फरक आहे. विजू खोटे ते काम कंपनीसाठी करत नव्हते, गब्बरसाठी तर नाहीच नाही. कागदावर चार ओळी असलेल्या माणसाला भीती, लाज, आशा आणि मूर्खपणा देऊन जिवंत करणं, ही त्यांची स्वतःची गोष्ट होती. मानधन प्रोड्यूसरने ठरवलं. काम किती खरं करायचं, ते त्यांनी ठरवलं. पहिल्याबद्दल भांडायला हवं, दुसरं कुणाला विकायला नको. या दोन गोष्टी आपण नेहमी एकत्र करतो आणि मग दोन्हीकडून हरतो.

एक मजेदार गोष्ट आणखी. सुरुवातीच्या दिवसांत 'शोले' पडला, असं ट्रेडवाले म्हणत होते. थिएटरमध्ये टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. शेवट बदलून अमिताभला जिवंत ठेवावं का, इथपर्यंत चर्चा गेली. नंतर कळलं, लोक गप्प होते कारण ते भारावलेले होते. तोंडोतोंडी प्रसिद्धी झाली आणि मग काय घडलं ते आपल्याला माहीतच आहे.

बॉस बदलला, नोकरी तीच

'शोले'नंतर काय? कालियाने विजू खोटे यांना ओळख दिली, पण हिंदी सिनेमात ओळख म्हणजे बहुतेक वेळा शिक्का. पुन्हा डाकू, पुन्हा गुंड, पुन्हा हवालदार. तीनशेहून जास्त सिनेमे त्यांच्या नावावर आहेत. त्यातल्या कितीतरी सिनेमांत ते येतात, दोन वाक्यं बोलतात आणि जातात.

मराठीत मात्र त्यांना हसायला आणि हसवायला जागा मिळाली. 'शोले'मध्ये गब्बरच्या हातून मेलेल्या दोघांची पुढे एका मराठी सिनेमात गाठ पडली. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, म्हणजे आपला अहमद, आणि सिनेमा १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी'. त्यात विजू खोटे 'बळी' झाले. धनंजय माने आणि मंडळींच्या त्या गोंधळात खलनायकी करायची, पण प्रेक्षकांचं हसू मोडायचं नाही, ही कसरत सोपी नसते.

मग १९९३ मध्ये आली दूरदर्शनवरची 'जबान संभालके'. पंकज कपूर हिंदीचा मास्तर आणि देशोदेशीचे, प्रांतोप्रांतीचे विद्यार्थी. 'माइंड युवर लँग्वेज' या ब्रिटिश मालिकेवर बेतलेली. विजू खोटे त्यात विठ्ठल बापूराव पोटे नावाचे मराठी गृहस्थ होते. शुभा खोटे आणि भाची भावना बलसावरही त्याच मालिकेत. मराठी माणूस हिंदी बोलतो तेव्हा जे काही घडतं, ते आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? पोटे बोलायला लागला की मराठी घरांत आधी हशा पिकायचा आणि मग प्रत्येक जण आपल्या एखाद्या काकांकडे बघायचा.

आणि ४ नोव्हेंबर १९९४. 'अंदाज अपना अपना'. राजकुमार संतोषीचा सिनेमा, आमीर-सलमान हिरो, परेश रावल डबल रोलमध्ये. खलनायक तेजाचे दोन मदतनीस, भल्ला आणि रॉबर्ट. रॉबर्ट म्हणजे विजू खोटे. काम सोपवलं की विचका करणार, आणि साहेबांनी जाब विचारला की सांगणार, गलती से मिस्टेक हो गया.

आता कालिया आणि रॉबर्ट शेजारी उभे करा. एकोणीस वर्षांचं अंतर. दोघंही खलनायकाचे नोकर. दोघांच्याही हातून काम फसतं. दोघंही बॉससमोर उभे राहून कारण देतात. नोकरी तीच, पोझिशन तीच, चूक तीच. फक्त एकदा त्याने आपल्याला घाबरवलं आणि एकदा पोट धरून हसवलं. एकाच परिस्थितीचं रडू आणि हसू दोन्ही करता येणं, ही नटाची परीक्षा असते. हिरोंना ही परीक्षा फारशी द्यावी लागत नाही. त्यांचं काम मुळात हरायचं नसतं.

'अंदाज अपना अपना'ही थिएटरमध्ये चालला नाही. 'शोले'सारखं त्याने काही आठवड्यांत तोंड फिरवलं नाही, त्याला वर्षं लागली. केबलवर, सीडीवर, हॉस्टेलच्या रूम्समधून तो हळूहळू पसरला आणि कल्ट झाला. रॉबर्टची ती चूक इतकी लोकप्रिय झाली की २०१७ च्या 'जग्गा जासूस'मध्ये त्या शब्दांवर गाणंच आलं. आज एखाद्याने चुकीचा ईमेल 'रिप्लाय ऑल' केला की आपण काय म्हणतो? तेच. रॉबर्टने आपल्याला चूक कबूल करायची एक भाषा दिली. त्यात माफीही आहे, निर्लज्जपणाही आहे आणि थोडा गोडवाही.

नाव काय म्हणालात?

३० सप्टेंबर २०१९ च्या सकाळी मुंबईत गावदेवीच्या राहत्या घरी विजू खोटे गेले. वय सत्त्याहत्तर. गावदेवीहून ग्रँट रोड स्टेशन ओलांडलं की लॅमिंग्टन रोड, जिथे एके काळी मिनर्व्हा होतं. ज्या थिएटरमध्ये कालिया पाच वर्षं रोज मरत होता, तिथून हाकेच्या अंतरावर त्याचा खरा माणूस राहत होता. मिनर्व्हा त्याच्या किती आधीच इतिहासजमा झालं होतं.

दुसऱ्या दिवशीचे पेपर आठवतात? जवळजवळ प्रत्येक मथळ्यात 'कालिया' होता. नाव नंतर. काहींनी 'कालिया' आणि 'रॉबर्ट' दोन्ही लिहिलं. वाचताना आधी वाईट वाटलं. पन्नासहून जास्त वर्षं काम केलेल्या माणसाची ओळख दोन डायलॉगवर? मग वाटलं, उलटंही बघता येईल. किती नटांची एकसुद्धा भूमिका लोकांच्या तोंडी राहते? मोठमोठे हिरो आठवतात ते त्यांच्या नावाने. कालिया आठवतो तो स्वतःच्या नावाने. म्हणजे नट पूर्ण पुसला गेला आणि माणूस उरला.

तो जॅक एलम नटाच्या आयुष्याचे पाच टप्पे सांगायचा. आधी लोक विचारतात, हा कोण एलम? मग म्हणतात, एलमलाच आणा. मग म्हणतात, एलमसारखा कुणीतरी आणा. मग, तरुण एलम आणा. आणि शेवटी पुन्हा, हा कोण एलम? आमच्या डब्यातला इन्शुरन्सवाला विजू खोटे यांच्याबाबतीत पाचव्या टप्प्यावर आहे. पण कालियाच्या बाबतीत नाही. तो टप्पा कालियाला कधी आलाच नाही.

२०२५ मध्ये 'शोले'ने पन्नाशी गाठली. जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत दाखवली, मूळ शेवटासह. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावलेल्या त्या शेवटात ठाकूरच गब्बरला संपवतो. म्हणजे पन्नास वर्षांनी गब्बरचा शेवट बदलला. कालियाचा नाही. त्याच्याबद्दल सेन्सॉरलाही कधी शंका नव्हती आणि लेखकांनाही.

स्लो ट्रॅकवरून

भांडुपला राहणाऱ्यांना एक गोष्ट लहानपणापासून माहीत असते. बहुतेक फास्ट लोकल आपल्याकडे थांबत नाहीत. प्लॅटफॉर्मवर उभं असताना त्या धडधडत निघून जातात, आपले केस उडवतात आणि आपल्याला वाटतं, सगळं जग मुलुंड नाहीतर घाटकोपरला उतरणार आहे. पण रोज सकाळी आपलं स्टेशन भरतं ते भरतंच. स्लो लोकल येते, थांबते, आणि शहर चालवणारी माणसं इथूनच चढतात.

या सोमवारी त्या इन्शुरन्सवाल्याला मी विजू खोटे यांचं नाव सांगितलं. अडीच हजारांचं सांगितलं. दोन सीनचं सांगितलं. दुर्गा खोटे, शुभा खोटे, पोटे, बळी, सगळं. विक्रोळी गेलं, घाटकोपर गेलं, तो ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे गोळी एकदाच खाल्ली आणि काम पन्नास वर्षं केलं?"

हो. अगदी तसंच.

दादरला उतरताना दारातल्याने नेहमीचा प्रश्न विचारलाच. टार्गेट या आठवड्यातही हुकलंच होतं. त्याने बॅग खांद्याला लावली, वळून पाहिलं आणि गर्दीत उडी मारता मारता ओरडला, "विजू खोटे! नाव लक्षात ठेव!"

वीकेंडला हे बघाच

'शोले' (१९७५): सगळा नको, वेळ नसेल तर वसुलीचा सीन आणि अड्ड्यावरचा सीन सलग बघा. या वेळी गब्बरकडे न बघता फक्त कालियाकडे बघा.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८): पाठ असला तरी पुन्हा. लिंबाचं मटण होऊ द्या बाजूला, बळीवर लक्ष ठेवा.

'जबान संभालके' (१९९३): एखादा भाग मिळाला तर आई-बाबांबरोबर बघा. पोटे आला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

'अंदाज अपना अपना' (१९९४): शुक्रवारी रात्री, मित्रांबरोबर. सोमवारच्या मीटिंगची सगळ्यात चांगली तयारी.